स्पीकर वाजवण्यासाठी काढलेलं पत्रक

आमच्या बोरीच्या विहारातला जुना कॉम्प्युटर रविवारी भंगारात जाणार होता. तो नुसती जागा अडवतो, असं समितीच्या अध्यक्षांचं मत. खरं तर त्याची हार्डडिस्क तेवढी मेली होती, बाकी अंग धडधाकट होतं. मी भर बैठकीत जाहीर केलं की कुठल्याही कंपनीच्या ऑपरेटिंग सिस्टीमचे उपकार न घेता, थेट यंत्राशी बोलून मी त्याचा स्पीकर वाजवून दाखवीन. वाजला तर राहील, नाही तर जाईल, असं ठरलं.

यंत्राशी बोलायचं तर त्याच्या चिपची माहितीपुस्तिका हवी. कोणत्या क्रमांकावर कोणता आकडा पाठवला की काय होतं, ते त्यात असतं. जुन्नरच्या एका क्लासात विचारलं, तर त्यांनी मला टायपिंगचा कोर्स सुचवला. म्हणजे माहिती दडपली जात होती. आमच्या घरात अन्याय दिसला की आधी पत्रक निघतं, चहा नंतर. पप्पांनी मजकुरावर हात फिरवला, मी ‘ज्ञानाची कुलपं तोडा’ असा मथळा दिला, खाली ‘यंत्रांच्या माहितीपुस्तिका जनतेला द्या’ अशी मागणी टाकली आणि आळेफाट्याच्या स्टँडवर आम्ही पत्रकं वाटली.

प्रतिसाद उदंड आला. लोकांनी मोटारीच्या स्टार्टरची, फवारणी पंपाची, वॉशिंग मशीनची माहितीपत्रकं आणून दिली. एका काकांनी मिक्सरचं दिलं आणि गॅरंटी संपल्याचंही प्रांजळपणे सांगितलं.

मग दुसरं, जळजळीत पत्रक लिहायला बसले. निषेधात चिप बनवणाऱ्या कंपनीचं नाव अचूक हवं म्हणून मोबाईलवर तिची वेबसाईट उघडली. पुस्तिका तिथंच होती. फुकट, सगळ्यांसाठी.

पप्पांनी चष्मा पुसला. “मंग निषेध मागं घ्यायचा का?”

“वाटलेलं पत्रक मागं घेता येत न्हाई, पप्पा.”

“मंग लिही, मागणी मान्य. लढ्याला यश.”

तेही पत्रक आम्ही वाटलं. त्यानंतर चुलतभावाच्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम लिहिला, पेनड्राइव्हवर घातला आणि रविवारी समितीसमोर जुना कॉम्प्युटर त्यावरून चालू केला. स्पीकर वाजला. एकसुरी, कर्कश, आणि थांबेचना.

अध्यक्षांनी कान झाकले. “पोरी, वाजला, मान्य हाय. आता बंद कर.”

“बंद करायचं पान अजून वाचलं न्हाई, काका.”

त्यांनीच उठून पिन उपटली. भंगारवाला टेम्पो घेऊन दारात थांबला होता. त्याच्याकडे वळून ते म्हणाले, “तू जा बाबा. हे अजून लई वरडतंय.”