गुळाच्या खोक्यावरचा जोड
काकवीचा वास आला, की मला कोल्हापुरातलं ते डीटीपीचं दुकान आठवतं. नोकरीला लागून तीनच दिवस झाले होते. गुळाच्या खोक्यावर नक्षी म्हणून छापायला ढेपेखालचं काकवीनं चिकट झालेलं कापड स्कॅन केलं आणि त्याची एकच पट्टी कॉम्प्युटरवर शेजारी-शेजारी पुन्हा पुन्हा लावली, तर प्रत्येक जोडावर रेघ दिसायची. "आज जमलं न्हाय तर उद्या येऊ नको," मालक म्हणाले. मला रडूच फुटायचं बाकी होतं. शेजारची ब्लाऊज शिवणारी मावशी डोकावली. "ती पट्टी मधनं काप की! डावा तुकडा उजवीकडं ने, उजवा डावीकडं. भायेरच्या कडा आपसूक जुळत्यात. मधली शिवण तेवढी बुजव." बुजवली. छापलेल्या कागदावर बोट फिरवत ती म्हणाली, "कुठं जोडलंस गं?" अजूनही किराणा दुकानात तो खोका दिसला, की माझं बोट त्यावरून फिरतं. जोड सापडत नाही.