दोन नंबरचा मालखाना

कुठलंही झाकण लावण्याआधी तांडेल वाकायचा, आत तोंड घालून हाक मारायचा, "खाली कोन हाय का?" मग थांबायचा. उत्तर येत नाही म्हटल्यावर आणखी एकदा हाक. त्यानंतरच झाकण बसायचं.

पाण्याच्या टाकीपाशी हे ठीक होतं. पण यंत्रांचे सुटे भाग ज्या पेट्यांतून यायचे त्यांत मांजरही मावलं नसतं, आणि तिथंही हा वाकायचा. एकदा माझ्या टेबलावरचा बिस्किटांचा डबा बंद करतानाही त्यानं आत डोकावून पाहिलं. आम्ही पोट धरून हसलो. बिहारकडचा एक वेल्डर त्याला नेहमी छेडायचा, "तांडेल, अंदर भूत है क्या?"

"इचारायला काय जातं?" तो म्हणायचा आणि कामाला लागायचा.

तुम्हीही हसला असता. मी तर सगळ्यात जास्त हसायचो.

पासष्टच्या आसपासची गोष्ट. तारापूरच्या बाजूला मोठं बांधकाम सुरू होतं आणि एका ठेकेदाराच्या गोदामात मी कारकून म्हणून लागलो होतो. साताऱ्याकडचा माणूस मी, समुद्र पहिल्यांदाच पाहत होतो. तांडेल जवळच्याच मुरबे गावचा, किनाऱ्यावरचा कोळी. जहाजावर खलाशांचा म्होरक्या होता, म्हणून त्याला सगळे तांडेलच म्हणत. अवजड यंत्रं दोरखंड आणि कप्प्या लावून उतरवण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. हाताखालच्या एकाही माणसाचं बोटसुद्धा त्यानं चेंगरू दिलं नाही.

त्याला मुकादम करायचं ठरलं तेव्हा अनुभवाचा दाखला हवा होता. त्यानं मेणकापडात गुंडाळलेला एक इंग्रजी कागद आणून दिला. महायुद्धात तो आरमाराच्या एका मालवाहू जहाजावर होता, त्या जहाजाच्या अधिकाऱ्यानं दिलेलं प्रशस्तिपत्र. मी वाचलं आणि थक्क झालो.

"तांडेल, यात काय लिहिलंय ठाऊक आहे?"

"ठाव हाय. काम झालं की परत द्या, भाऊसाहेब. आनि कोनाला सांगू नका."

मला तो विनय वाटला. कागद परत दिला, पण त्याआधी एक नक्कल करून ठेवली.

मग पाकिस्तानशी लढाई झाली. ती संपल्यावर येणाऱ्या सव्वीस जानेवारीला युद्धात कामगिरी केलेल्या एखाद्याचा सत्कार करावा, असं आमच्या मोठ्या साहेबांच्या मनात आलं. मी लगेच माझी नक्कल पुढं केली. साहेब खूश झाले. "तुम्हीच वाचा मराठीतून," म्हणाले.

आठ दिवस मी ते भाषांतर घोटत होतो. तांडेलला फक्त शाल-नारळ आहे एवढंच सांगितलं. तो नको नको म्हणत होता. मग मी आणखी एक शहाणपणा केला. त्याच्या बहिणीला आणायला मुरब्याला जीप पाठवली.

बहीण धाकटी. तिचा नवरा तांडेलच्याच जहाजावर होता, तांडेलनंच त्याला कामाला लावलं होतं. तो युद्धात हरवला एवढं मला माहीत होतं. बॉम्ब पडला तेव्हा तो पाण्यात फेकला गेला, कुठल्यातरी किनाऱ्याला लागला असेल, असं तांडेलनं तिला सांगितलं होतं. प्रेत मिळालं नव्हतं, म्हणून ती वीसेक वर्षं कुंकू लावत होती. तांडेलनं लग्न केलं नाही. तिचं घर चालवलं आणि तिच्याच घरी राहिला.

ती पहिल्या रांगेत बसली होती. शाल झाली, नारळ झाला, मी कागद उघडला.

चांगलं वाचायचो मी. आवाज चढवून, थांबत थांबत वाचलं, की शत्रूच्या विमानानं बॉम्ब टाकला, जहाजाच्या पोटातल्या दोन नंबरच्या मालखान्यात तेलाच्या पिंपांना आग लागली, शेजारच्या मालखान्यात दारूगोळा होता. खाली दोन खलाशी अडकले असतानाही या शूर तांडेलनं हुकूम मिळताच मालखान्याचं झाकण बंद केलं, आग कोंडून मारली आणि जहाज वाचवलं.

टाळ्या पडल्या. मी तांडेलकडं पाहिलं. तो खुर्चीचे हात धरून बसला होता, जमिनीकडं बघत.

टाळ्या थांबल्यावर बहीण उठून उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता.

"दादा, ते दोन नंबरात कामाला व्हते ना?"

तांडेलनं मान वर केली.

"पान्यात पडले म्हनालास तू."

"बाय..." एवढंच तो म्हणाला.

तिनं पदर घेतला, कपाळ पुसलं आणि चालू लागली. जीपचा ड्रायव्हर मागं धावला. तिनं त्याच्याकडं पाहिलंही नाही. साहेबांना काय झालं ते कळलंच नाही. त्यांनी राष्ट्रगीत सुरू करायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्याकडं माफी मागायला गेलो. तो गोदामामागं दोरखंड तपासत बसला होता.

"तुमाला काय ठाव," तो म्हणाला. मग आपणहूनच बोलायला लागला. "मी बोललो सायबाला, मानसं हायेत खाली. तो बोलला, बंद कर, नायतर सगलेच जातील. खरं व्हतं त्याचं. फल्या टाकल्या, ताडपत्री वढली, पाचरी मीच ठोकल्या. मग खालून वाजवायला लागला. माज्या मेवन्याचीच हाक. नावानं मारत व्हता माज्या."

"किती वेळ?"

तो पुन्हा दोरखंड तपासायला लागला.

"मग तो कागद ठेवलात कशाला, तांडेल? फाडून टाकायचात."

"त्यात दोन मानसं लिवलीत, भाऊसाहेब. नाव नाय, पन लिवलीत. दुसरं कायच नाय त्याचं."

रविवारी तो मुरब्याला गेला. मला सोबत या म्हणाला. माझी त्याच्या मागं चालायचीही लायकी नव्हती, पण गेलो. ती अंगणात सुकलेले बोंबील बांबूवरून काढत होती. तो कुंपणाशी उभा राहिला, आत गेला नाही. बराच वेळ ती काढतच राहिली.

शेवटी म्हणाली, "इतकी वरसं माज्या हातचं जेवलास."

तो तसाच उभा होता. तिनं टोपली उचलली, आत गेली आणि दार लावून घेतलं.

पुढचा महिनाभर तो गोदामामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिला. काम करायचा, पण हाताखालच्या माणसांवर ओरडणं बंद झालं होतं. एक दिवस आला नाही. वेल्डर म्हणाला, बोईसरला गुजरातकडं जाणाऱ्या गाडीत बसताना पाहिलं. वेरावळकडं बोटींवर असल्याचं नंतर कुणी सांगितलं, कुणी म्हणालं तिकडंही नाही. तो कागद बहिणीच्या दाराच्या फटीतून आत सरकवून तो गेला होता, हे मला तिच्या शेजारणीनं सांगितलं. बहिणीनं त्याचं काय केलं ते मी विचारलं नाही.

मला मात्र बढती मिळाली. कार्यक्रम नीट पार पाडल्याबद्दल साहेबांनी शेरा मारला होता.

त्या दिवशीचा एक फोटो बरीच वर्षं आमच्या कचेरीत लावलेला होता. तांडेलच्या खांद्यावर शाल आहे, तो अवघडून बसलाय. मी बाजूला उभा आहे, कागद अजून घडी घातलेलाच. पहिल्या रांगेत त्याची बहीण, कपाळावर ठसठशीत कुंकू. शेजारच्या बाईला बोटानं दाखवतेय, हा बघ माझा भाऊ, आणि तोंडभर हसतेय.