गाडीची कवळी

मिस्त्रींच्या बायकोला सगळी गल्ली कवळीबाई म्हणायची. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ते ठाऊक होतं आणि त्याचं तिला वाईटही वाटत नव्हतं. लग्नाच्या आधीपासून ती दातांच्या एका प्रयोगशाळेत कवळ्या करायची. डॉक्टर जबड्याचा साचा पाठवत, ती त्यावर मेणात दात मांडी, मेणाच्या जागी गुलाबी प्लास्टिक भरी आणि घासून घासून ते असं चकचकीत करी की खऱ्या हिरड्यांनी लाजावं. ज्यांच्या तोंडात तिचं काम होतं त्यांच्यापैकी एकालाही तिने पाहिलेलं नव्हतं. तरी रस्त्यात कुणी म्हातारं माणूस मोकळं हसलं की ती नवऱ्याला कोपराने ढोसायची. "अहो, वरची माझी वाटतेय."

मग प्रयोगशाळेत दात कोरणारं मशीन आलं. मालक भला माणूस, त्याने तिला तिची अवजारं, मेणाचे डबे आणि उरलंसुरलं सगळं सामान देऊन निरोप दिला. घर गॅरेजच्या वरच होतं. जिना उतरला की ग्रीसचा वास आणि जिना चढला की फिनेलचा, कारण रिकाम्या हातांना दुसरं काही न सुचल्यामुळे तिने घर घासायला घेतलं होतं. मिस्त्रींना आपल्याच घरात पाय कुठे ठेवावा कळेना.

मिस्त्री इंजिनाचे. बंद बॉनेटवर हात ठेवून आतलं दुखणं सांगणार. गाडी म्हणजे इंजिन, ब्रेक आणि चाकं, बाकी सगळा नट्टापट्टा, असं त्यांचं मत. पण जुन्या गाड्यांचा नट्टापट्टाच आधी उतरतो. डॅशबोर्ड उन्हाने तडकतो, हवेच्या जाळीच्या पट्ट्या एकेक करून गळतात, हीटरचं बटण उपटून हातात येतं, समोरच्या खणाचं झाकण प्रत्येक खड्ड्याला गुडघ्यावर आपटतं. त्यातलं काही बाजारात मिळत नाही. कंपन्या नवीन गाड्यांमागे लागलेल्या, जुन्यांचे सुटे भाग करणार कोण? गिऱ्हाइकाने विचारलंच तर मिस्त्री म्हणत, "दात कोरून कुणाचं पोट भरलंय का? इंजिन ऐका, कसं गातंय." आणि झाकणाला रबर बँड लावून देत.

हे असंच चाललं असतं, पण मध्ये ताई अडकली.

ताई म्हणजे मिस्त्रींची थोरली बहीण. शिवणाचे वर्ग चालवायची, आणि गावभर फिरायची ती दोन दारांच्या एका जुनाट गाडीतून. तिच्या बाजूच्या दाराची आतली मूठ तुटली. मिस्त्री म्हणाले, "काच खाली कर, हात बाहेर काढ, बाहेरून दार उघड. सगळे तेच करतात." ताईने भावावर विश्वास ठेवला. थोड्याच दिवसांत, भर दुपारी, बँकेच्या आवारात तिने गाडी भिंतीला चिकटून लावली, काच खाली करायला दांडा फिरवला आणि दांडाच निघून तिच्या मांडीवर पडला. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला न उघडणारं दार. तिने हॉर्न वाजवला. लोकांना वाटलं, बाई वाट मागतेय, ते बाजूला झाले. तिने पुन्हा वाजवला, तर पहारेकरी येऊन काचेबाहेरून तिलाच रागावू लागला. ताईने आतून इतके हातवारे केले की त्यानेही बाहेरून तसेच हातवारे सुरू केले. शेवटी एका शाळकरी मुलीने दार नुसतं बाहेरून ओढलं, आणि ते उघडलं.

ताई घामाने निथळत थेट गॅरेजवर आली.

"कोंबडीसारखी कोंडली गेले मी," ती म्हणाली. "स्वतःच्या गाडीत. सख्खा भाऊ मिस्त्री असताना."

"अगं, पण इंजिन तर एकदम..."

"तुझं इंजिन घाल चुलीत. मला गाडीतून उतरता आलं पाहिजे."

मिस्त्री फडक्याला हात पुसू लागले. तेवढ्यात बायको नणंदेसाठी पाणी घेऊन खाली आली. ताई पाणी पीत होती तोवर तिने ताईने बाकावर टाकलेले मुठीचे दोन्ही तुकडे उचलले, नखाने तुटलेली कड चाचपली, उजेडात धरून पाहिली.

"वन्सं, हे माझ्याकडे राहू द्या."

"तू काय करणार गं त्याचं?"

"दात तुटल्यावर जे करायचे तेच."

मिस्त्री हसले, पण बहिणीकडे पाहून पटकन थांबले. बायकोने दोन्ही तुकडे जोडले, त्यांचा साचा घेतला, कवळीचं प्लास्टिक भरलं, शिजवलं, घासलं. तिच्याजवळ एकाच रंगाचं प्लास्टिक होतं. त्यामुळे ताईच्या काळ्याभोर दारावर हिरड्यांच्या रंगाची गुलाबी मूठ बसली.

"दाराने जीभ बाहेर काढल्यासारखं दिसतंय," ताई म्हणाली. तिने मूठ ओढली. दार उघडलं. तिने ते लावून पुन्हा उघडलं, आणि भावाकडे न बघता भावजयीच्या पाठीवर थाप मारली.

पण ती मूठ टिकली नाही. काही दिवसांनी ताईच्या हातात तिचे पुन्हा दोन तुकडे आले. "मी सांगत नव्हतो?" हे शब्द मिस्त्रींच्या अगदी ओठांवर आले होते. पण बायको हिरमुसलेली नव्हती. तिचे डोळे चमकत होते. असे डोळे मिस्त्रींनी आजवर फक्त एका जागी पाहिले होते, एखादं इंजिन कसंच सुरू होत नसलं की आरशात.

"दोन्ही वेळा एकाच जागी तुटलंय," ती म्हणाली. "कंपनीची मूठही इथेच तुटली होती. म्हणजे दोष नुसता माझा नाही."

कवळी तोंडात कुठे टोचते ते शोधायला डॉक्टर निळा कागद वापरतात. माणसाने तो चावला की जिथे दाब जास्त तिथे डाग उमटतो. तिने तसला कागद मुठीच्या मागे, दाराच्या पत्र्यापाशी ठेवला आणि ताईला सांगितलं, "रोज ओढता तशी ओढा. माझ्यासाठी म्हणून हळू नको." ताईने हिसका दिला. एका कोपऱ्यावर टिंबाएवढा गडद डाग उठला, बाकी कुठे काही नाही. सगळं ओझं त्या एका टिंबावर पडत होतं. तिने तो कोपरा गोल केला, मागून भर दिली. मग प्लास्टिकच बदललं. अर्धी कवळी शेजारच्या दातांना ज्या आकड्यांनी धरते, ते वाकतात पण मोडत नाहीत. त्याच जातीचं प्लास्टिक, काळ्या रंगात, तिने मिळवलं. ते वितळवून साच्यात दाबून भरावं लागतं, आणि तेवढा जोर हातांत नसतो.

मिस्त्री दोन दिवस गॅरेजच्या भंगारात काहीतरी शोधत होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी गाडी उचलायचा एक जुना जॅक लोखंडी चौकटीत उलटा बसवला आणि जिन्यावरून वर आणून तिच्या टेबलावर ठेवला.

"हे काय?" तिने विचारलं.

"दाब," मिस्त्री म्हणाले आणि खाली गेले.

ती तिसरी मूठ ताईच्या दारावर नंतर कधी तुटली नाही.

गोष्ट पसरायला वेळ लागला नाही, कारण ताईचं तोंड आणि तिचा शिवणवर्ग दोन्ही मोठे होते. कुणी हवेच्या जाळीची पट्टी घेऊन आलं, कुणी खणाची कडी, तर कुणी काच चढवण्याच्या यंत्रातलं दात झिजलेलं चाक. ते चाक पाहून कवळीबाई खुदकन हसली. "हे तर माझ्या माहेरचंच," ती म्हणाली. आधी लोक मिस्त्रींकडे येत आणि जाता जाता तिला भेटत. पुढे ते थेट जिना चढू लागले. मिस्त्रींच्या मित्रांनी चेष्टा केली, कानामागून आली नि तिखट झाली म्हणून. मिस्त्री म्हणाले, "तिखट ती आधीपासूनच होती. तुम्हाला आत्ता लागलं."

सगळंच काम ती घेत नसे. एक गृहस्थ सीटबेल्टची तुटलेली कडी घेऊन आले आणि हटूनच बसले. दिसायला तर ती खणाच्या कडीसारखीच होती. तिने ती हातातही घेतली नाही. "जिथे जीव टांगलेला असतो तिथे माझं प्लास्टिक चालणार नाही," ती म्हणाली. गृहस्थ चिडले, एवढंसं तर काम, म्हणाले. तिने वाद घातला नाही. फोन घेतला आणि भंगारवाल्यांना एकेक करून विचारत राहिली. त्याच जातीच्या गाडीचा धडधाकट बेल्ट सापडला तेव्हाच तिने फोन खाली ठेवला. बेल्ट मिस्त्रींनी बसवला. ते गृहस्थ नंतर आपल्या मेव्हण्याची गाडीही घेऊन आले.

मिस्त्री आता दुपारी काम नसलं की वर जाऊन बसत. सुरुवातीला नुसते बघायला, मग घासायला. अशाच एका दुपारी एक म्हातारं जोडपं आलं. त्यांच्या गाडीच्या हीटरचं बटण शाबूत होतं, पण आजोबांची बोटं सांधेदुखीने वाकडी झाली होती आणि ते गुळगुळीत बटण त्यांच्या चिमटीत येतच नव्हतं. थंडीत काच धुक्याने भरली की आजींना पलीकडून हात घालावा लागे, आणि मग दोघांचं भांडण.

"हिचं लक्ष रस्त्यावर नसतं," आजोबा म्हणाले.

"गाडी हे चालवतात, लक्ष मी ठेवायचं," आजी म्हणाल्या.

कवळीबाईने मेणाचा गोळा कोमट करून आजोबांच्या हातात दिला. "बटण समजून धरा. दुखणार नाही असं. आता फिरवा." आजोबांनी धरला, फिरवला. मेणात त्यांच्या तीन वाकड्या बोटांच्या खोबणी उमटल्या. ती खोबणींकडे बराच वेळ पाहत राहिली, मग धारदार पात्याने कडा एवढ्या हलक्या हाताने उतरवू लागली की मिस्त्रींनी पंखा बंद केला.

बटण तयार झालं तेव्हा ती स्वतः खाली गेली आणि गाडीत बसवून आली. आजोबांनी त्यावर बोटं ठेवली. बोटं आपोआप जागेवर गेली. त्यांनी ते या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं, परत आणलं, पुन्हा फिरवलं.

"आता हे बटण दुसऱ्या कुणाच्या हाताला बसायचं नाही," आजी म्हणाल्या.

"नकोच बसायला," आजोबा म्हणाले.

मिस्त्रींनी सवयीने बॉनेट उघडलं, कान दिला, इंजिनात काही बिघाड नव्हता. त्यांनी बॉनेट लावलं. मागे वळून पाहिलं तर बायको केव्हाच अर्धा जिना चढून गेली होती. वर पुढच्या साच्याचं प्लास्टर घट्ट व्हायला लागलं होतं.