लिंपलेली कणगी

इतकी वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नव्हतो. बायकोजवळही नाही — आणि तिच्यापासून माझी एक विडीसुद्धा कधी लपली नाही. तुम्हाला का सांगतोय? परवा लेखी देऊन बसलोय, आता तुमच्यापासून काय लपवायचं.

मी मोजणी खात्यात कारकून होतो. ठाण्याच्या डोंगरामागची सरकारी गुरचरण जमीन राष्ट्रीय उद्यानात घ्यायची ठरली, आणि तिथे कोण राहतं त्याची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. यादीत नाव असेल त्याचं घर राहणार, नसेल त्याचं जाणार. एवढं माझ्या हातात होतं.

तिथल्या आदिवासी पाड्यावर काशीबाईचं घर बंद दिसलं. होळीच्या आधीचे दिवस. दिवाळी उरकली की ही माणसं शहाडकडे वीटभट्टीवर जातात, पावसाच्या तोंडावर परत येतात. मला ठाऊक नव्हतं का? आदल्या वर्षी तिच्याच ओट्यावर बसून मी तांदळाची भाकरी खाल्ली होती. कुडाच्या भिंतीच्या फटीतून आत डोकावलो. बियाण्याचं भात साठवायची बांबूची कणगी — तोंड शेणाने नीट लिंपलेलं. घर सोडून गेलेला माणूस बियाणं मागे ठेवतो?

खाली जीपमध्ये साहेब घाई करत होते. रिकामी घरं जितकी जास्त, तितका त्यांचा ताप कमी. मी लिहिलं — ‘निर्जन’. कुणी दरडावलं नव्हतं. मला नुसतं कामाचा माणूस म्हणवून घ्यायचं होतं.

काशीबाई परतली तेव्हा घराला कुंपण पडलेलं. कणगीतलं भात तेवढं तिला काढू दिलं. मग ती पाड्याखाली भाच्याकडे राहिली, आणि मी मानपाड्याला ब्लॉक घेतला.

यंदा पाड्याने वनहक्काचा दावा पुन्हा घातलाय. वस्ती आधीपासूनची आहे हे दाखवायला जुन्या माणसांचे जबाब चालतात असं कळलं, म्हणून गेलो. परवाच्या ग्रामसभेत उभं राहून सगळं सांगितलं — मीच लिहिलं, हेसुद्धा. लाज वाटत होती. काशीबाई समोरच बसलेली. मग म्हणाली, “नुसतं घर नको लिवू. कणगी होती, ती पण लिव. तेच बी अजून पेरतो आमी.”

या वेळी दावा मंजूर होईल, असं पाड्यात सगळ्यांना वाटतंय. मलाही वाटतंय.

जबाबात मी लिहिलं — घर राहतं होतं. आत बियाण्याची कणगी होती, लिंपलेली. मी ती पाहिली होती. खाली सही केली.