नैवेद्याचं अळू

दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातल्या सरकारी क्वार्टरच्या मागच्या अंगणात श्रीरंगराव वैशंपायनांची चार मडकी होती. एकात मोहरीची पेंड भिजत असे, दुसऱ्यात केळीची सालं आणि चहाचा चोथा, तिसऱ्यात जवळच्या पिलंजी गावातल्या गोठ्यातून आणलेलं शेण गुळाच्या पाण्यात. नोकरी केंद्र सरकारची, त्यामुळे प्रत्येक मडक्यावर खडूने तारीख घातलेली असे आणि मुदत भरल्याखेरीज कुठलंच मडकं पुढे सरकत नसे. चौथ्यावर मात्र तारीख नव्हती. ते भिंत आणि टाकी यांच्या सांदीत होतं. त्याच्यावर फरशीचा तुकडा, तुकड्यावर वीट. विटेचं कारण मांजर.

हे चौथं मडकं त्र्याहत्तरच्या जूनमध्ये आलं. अळूने मान टाकली होती. पुण्याला अळू मोरीच्या पाण्यावर वाढतं, त्याची कुणी चौकशीही करत नाही. दिल्लीत मोरीचं पाणी सरकारी पाइपातून परस्पर निघून जातं. श्रीरंगरावांनी पेंडीचं पाणी घातलं, चुलीची राख घातली. पानं पिवळीच.

शेजारचे भौमिकबाबू कुंपणावर कोपर टेकून हे सगळं बघत होते. शेवटी म्हणाले, "वैशंपायनजी, आपका पौधा भूखा है. घास-फूस से क्या होगा? मछली का पानी दीजिए."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुंपणावरून झाकणाचा डबा दिला. त्यात मासे धुतलेलं पाणी, खवले आणि काही डोकी. वैशंपायनांच्या घरात अंडंसुद्धा कधी आलं नव्हतं, आणि त्यांच्या पत्नी हेमलताबाई चातुर्मासात कांद्याला उंबरा ओलांडू देत नसत. श्रीरंगरावांनी श्वास रोखून तो ऐवज मडक्यात ओतला, गूळ घातला आणि पंधरा दिवस मुरवला. मग बादलीभर पाण्याला एक मग, असा हिशेब. महिन्याभरात पानं हत्तीच्या कानाएवढी झाली.

"यंदा पेंड चांगली लागू पडली हो," हेमलताबाई म्हणाल्या.

"हं," श्रीरंगराव म्हणाले.

अळू घरच्या घरात खायचं होतं, तोवर या 'हं'ने कुणाचं काही बिघडत नव्हतं. ऑगस्टमध्ये हेमलताबाई करोल बागेतल्या मराठी मंडळाच्या बैठकीहून परतल्या त्या चपला न काढताच बोलू लागल्या.

"अहो, गणपतीच्या महाप्रसादाचा स्वयंपाक या वर्षी माझ्याकडे! अकरा वर्षं नुसते नारळ खवले मी तिथे."

"आणि अण्णासाहेब गप्प बसले?"

"ते कसले गप्प बसतायत! म्हणाले, दीडशे पानं म्हणजे हळदीकुंकवाची वाटली डाळ नव्हे. मग मीही सांगितलं, अळूचं फदफदं करीन, आणि अळू घरचं आणीन. बाजारात अरबी मिळते, म्हणजे नुसत्या अळकुड्या; कोवळं पान मिळत नाही. सगळ्या बायका माझ्या बाजूने झाल्या."

रेल्वेतून निवृत्त झालेले अण्णासाहेब मंडळाचे सर्वांत जुने सभासद होते. एकदा का ते एखाद्या स्वयंपाकाला 'बरा' म्हणाले, की ती बाई जन्मभर नारळच खवते असा अनुभव होता.

श्रीरंगरावांना त्या दिवसापासून जेवण गोड लागेना. चौथं मडकं त्यांनी बंद केलं आणि आठ दिवस अळूला नुसतं पाणी पाजलं, जणू जुलाबाचं औषध. सब्जीमंडीत दोन फेऱ्या मारल्या. विक्रेते अरबीच दाखवत. ऑफिसात फाइल उघडून ते स्वतःशी वाद घालत. झाडाने खाल्लं ते झाडाचं झालं. गंगेत काय मासे नसतात? असतात. पण गंगेला कुणी गूळ घालून पंधरा दिवस मुरवत नाही.

महाप्रसादाच्या आदल्या दिवशी सकाळी हेमलताबाई विळा घेऊन अंगणात निघाल्या तेव्हा ते आडवे आले.

"अगं, थांब. या अळूला... माशाचं खत आहे."

"कशाचं?"

"माशाचं. म्हणजे पाणीच. आणि थोडी डोकी."

हेमलताबाई पायरीवर बसल्या. अळूकडे बघत होत्या. अकरा वर्षांनी हाती आलेला स्वयंपाक, आणि त्याच्या मुळाशी हे.

"सांगायला आजचा मुहूर्त सापडला?"

"धीर होत नव्हता."

"आता नाही म्हटलं तर अण्णासाहेब म्हणतील, बघा, सांगितलं नव्हतं मी?" त्या उठल्या. "देवाला हे नाही. देवाला पालकाचं करीन. डाळ, दाणे, चिंचगूळ सगळं तेच."

"आणि माणसांना?"

"ती बाहेर कुठल्या तव्यावर काय काय खातात, मी विचारायला जाते? त्यांना अळू. तुम्ही ते मडकं उचला. मग आंघोळ करा. उलट नको!"

महाप्रसादाची आरती झाली, नैवेद्य दाखवला. सगळं सुरळीत चाललं होतं. मग पुजाऱ्यांनी नैवेद्याचं ताट उचललं आणि प्रथेप्रमाणे अण्णासाहेबांपुढे ठेवलं. ही प्रथा दोघांनाही ठाऊक होती. देवाच्या भीतीत अण्णासाहेबांचा विसर पडला होता, इतकंच.

श्रीरंगराव पाण्याचा जग घेऊन पंगतीच्या टोकाला सरकले. म्हातारा रत्नागिरीचा, अळू आणि पालक यांत फसणारा नव्हे. त्याने कारण विचारलं की पुढचं सगळं आपोआप बाहेर येणार.

अण्णासाहेबांनी भात कालवला, घास घेतला आणि थांबले.

"हेमलताबाई, इकडे या. हा पालक आहे."

"आमचं तर अळू आहे," पलीकडून कुणीतरी म्हणालं, "आणि एकदम बढिया आहे."

"मग माझ्याच पानात पालक का?"

श्रीरंगरावांनी डोळे मिटले.

"ते देवाचं ताट आहे, अण्णासाहेब," हेमलताबाई म्हणाल्या. "दीडशे पानांना अळू पुरेल का याची धास्ती होती. म्हटलं, कमी पडलं तर देव समजून घेईल. माणसं नाही घेत."

अण्णासाहेबांनी यावर विचार केला. इतक्या वर्षांत त्यांना असं कुणी बोललं नव्हतं.

"हे मात्र खरं," ते म्हणाले. "पुरलंय ना आता? मग वाढा की!"

त्यांनी तीन वाट्या खाल्ल्या. तिसरी बोटाने निपटली.

"जराही खाजत नाही. पुढल्या वर्षीही तुम्हीच बघा." मग मान वळवून, "वैशंपायन, खत काय घालता हो?"

"घरगुतीच," श्रीरंगराव म्हणाले. "स्वयंपाकघरातलं."

कुणाच्या, ते अण्णासाहेबांनी विचारलं नाही.

दुसऱ्या पंगतीला श्रीरंगराव बसले. भात आणि वरण घेऊन ते वाटीवर हात आडवा धरणार, एवढ्यात हेमलताबाई स्वतः पातेलं घेऊन आल्या. त्यांनी वाटी काठोकाठ अळूने भरली आणि ती रिकामी होईपर्यंत तिथून हलल्या नाहीत.