समुद्रतळाचं जातं

ऐंशी उलटली तरी एक खोटं अजून माझ्या नावावर आहे. ते आता उतरवतो.

साठच्या दशकात मुळशी धरणाजवळच्या शाळेत मी विज्ञान शिकवत होतो. समुद्र मी पाहिलेला नव्हता. शिकवायला त्याची गरज नसते. साहेब तपासणीला येणार म्हणून हेडमास्तरांनी कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या समुद्राचा देखावा करायला सांगितला. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता.

मी चहाचं रिकामं खोकं आणलं, पुढं काच बसवली, आतून निळीचा हात दिला. माझं योगदान तिथंच संपलं. प्राणी केले शिपाईमामांनी. वय पन्नाशीचं, नोकरी हंगामी. कायम करण्याचा कागद याच तपासणीत साहेबांपुढे जायचा होता. दरवर्षी बेंदराला मातीचे बैल करणारा हात तो. पहिल्याच जलचराला त्यांनी वशिंड काढलं.

"मामा, हा बैल नाही."

"मंग तितं नांगर कोन वडायचं?" म्हणत त्यांनी ते बोटानं चेपलं. पुढचे प्राणी मात्र असे उतरले की पाणी ओतलं तर पोहतील.

"गुरुजी, तळाला काय ठिवू?"

मी स्वागताचं भाषण पाठ करत होतो. मान वर न करता म्हणालो, "पाण्याखाली काय असतं ते ठाऊक नाही तुम्हाला? ठेवा तेच."

त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या लहानपणी त्यांचं गाव धरणाच्या पाण्याखाली गेलं होतं.

साहेबांनी काचेला नाक लावलं. "वा! प्राणी कुणी केले?"

"मी," मी म्हणालो.

मग त्यांना शिंपल्यांच्या मधोमध मातीचं जातं दिसलं, खुंट्यासकट. "आणि दळण कोण दळायचं? मासे?"

हेडमास्तर साहेबांपेक्षा मोठ्यानं हसले. तशी पद्धत होती.

"शिपायानं चेष्टा केली, साहेब," मी म्हणालो.

मामा पाण्याचा तांब्या घेऊन दारातच उभे होते. तो कागद पुढे गेलाच नाही. महिनाअखेर त्यांना घरी बसवलं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, जलचरांबद्दल.

जाताना ते खोक्यापाशी आले. "तेवढं जातं द्या, गुरुजी. आयेचं आसंच व्हतं. पानी चढलं, ते ऱ्हायलं तितंच."

"देखावा शाळेची मालमत्ता आहे," मी म्हणालो.

शाळेच्या दप्तरात 'शिपायाचा खोडसाळपणा' अशी नोंद आहे, माझ्याच वळणदार अक्षरात. ती खोटी आहे. प्राणी त्यांचे होते. ठाऊक असेल ते ठेवा, हे मी सांगितलं होतं. आणि डोळ्यांनी पाहून केलेली वस्तू त्या खोक्यात तेवढी एकच होती.