रूथ आत्याचे दोन महिने

माझी आत्या तिच्या बापावर अठ्ठ्याहत्तर वर्षं चिडलेली होती.

काल सकाळी ती गेली. आज दुपारी शरणपूरच्या दफनभूमीत माती देऊन आलो.

घरी आल्यापासून मलाच आजोबांचा राग येतोय, म्हणून लिहितोय.

आजोबा मास्तर होते. १९३०च्या दशकात इथेच नाशिकला मुलांना शिकवायचे आणि चर्चची रजिस्टरं सांभाळायचे. बाप्तिस्मा, लग्न, दफन, सगळं त्यांच्या अक्षरात.

रूथ आत्या त्यांची थोरली. तिला नर्स व्हायचं होतं. मिशन हॉस्पिटलमध्ये ट्रेनिंगची बॅच जूनमध्ये सुरू होणार होती. अट एकच. अठरा पूर्ण हवीत, आणि पुराव्याला बाप्तिस्म्याचा दाखला.

आत्याचा जन्म ऑगस्टचा.

दोन महिने कमी.

पण रजिस्टरला ओल लागली होती. तिच्या नावापुढचा महिन्याचा इंग्रजी आठ इतका पुसट झाला होता, की पाच म्हटलं असतं तरी खपलं असतं.

चर्चचे पाळकसाहेब भला माणूस. म्हणाले, "मास्तर, आकडा पुसट झालाय. तुम्हीच नीट करून घ्या. मी दाखल्यावर सही करतो."

पुढे काही बोलले नाहीत. बोलायची गरजही नव्हती.

आत्या तिथेच उभी होती. घरी दोन एप्रन शिवून, खळ घालून तयार ठेवले होते तिने.

ती सांगायची, "बाबांनी बराच वेळ टाक नुसता हातात धरला. शाई वाळली. परत बुडवला. मला वाटलं, झालं आपलं काम."

आजोबांनी आकडा नीट केला.

ठळक, गोल, सुबक आठ.

म्हणजे पुसटपणाचा जो काही फायदा होता, तोही घालवला.

"पुढच्या वर्षी जा, बाळ," एवढंच म्हणाले.

त्याच पावसाळ्यात आजी विषमज्वराने गेली. घरात धाकटी चार भावंडं. सगळ्यात लहान माझे वडील, तीन वर्षांचे. आत्याने ते एप्रन चुलीपुढे वापरून फाडले.

मी कितीदा तिच्याजवळ बोललोय, "हा कसला प्रामाणिकपणा? देवापुढे ताठ मानेने उभे राहिले ते, आणि घरी बसलीस तू."

ती म्हणायची, "खरंय तुझं. मी अजून माफ केलेलं नाही त्यांना."

चर्चमध्ये प्रभूची प्रार्थना चालू असताना 'जशी आम्ही क्षमा केली आहे' या ओळीला ती तोंड मिटून घ्यायची. मी शेजारी बसायचो, मला कळायचं. हट्टी बाई.

म्हणूनच सातपूरला नोकरीत असताना माझ्यावर वेळ आली, तेव्हा मी तिच्याकडे गेलो. न तपासलेल्या मालाच्या रिपोर्टवर मी साहेबांच्या सांगण्यावरून सही करून आलो होतो. वाटलं, हिला तरी समजेल.

ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"मग मी कशाला घरी बसले रे?"



दुसऱ्या दिवशी जाऊन सही मागे घेतली. प्रमोशन गेलं. तिने शाबासकीसुद्धा दिली नाही. वर म्हणाली, "उपकार केलेस का माझ्यावर?"

काय बोलणार असल्या माणसाशी?

गेल्या आठवड्यात तिला ॲडमिट करताना फॉर्मवर मी वय सांगितलं, शहाण्णव. तर ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारून ही म्हणते, "पंचाण्णव. दोन महिने आहेत अजून."

नर्स हसली. मला हसू आलं नाही. आयुष्यभर ज्या दोन महिन्यांसाठी बापाला बोल लावले, तेच ही आता राखत बसली होती.

आज क्रूसावर नाव रंगवायला आलेला सिन्नरचा पेंटर म्हणाला, "काका, शहाण्णव टाकू का? दोन महिन्यांनी कोनाला काय फरक पडतोय? आकडा बी चांगला दिसंल."

मी त्याच्यावर खेकसलो. बिचारा बघतच राहिला. मग त्याच्याजवळ बसलो आणि रंग वाळेपर्यंत उठलो नाही.

जा आत्या. तिथे आजोबा भेटतील. काय भांडायचं ते पोटभर भांडून घे. मीही तुझ्याच बाजूने आहे.

तुझं वय बरोबर लिहून घेतलंय.